चौदा इसमांचा पंचनामा

"मयूरी, हे चौदा जण कोण?"

फौजदारसाहेबांनी हातातली काठी संगणकाच्या पडद्याला टेकवली होती. मी मागच्या खोलीतून बांधीव मासिकं मोजून नुकतीच बाहेर आले होते. केसांत धूळ, हातात आकड्यांचा कागद.

"कोण चौदा जण, साहेब?"

"तेच विचारतोय मी. काल सकाळी इथं एक होता. परवा एक होता. आज चौदा. आणि चौघांपाचांचं नाही, सगळ्यांचं नाव एकच!"

मी वाकून बघितलं. संगणकात त्या घडीला काय काय चालू आहे ती यादी त्यांनी उघडली होती. त्यांच्या पुण्यातल्या भाच्यानं तीन बटणं एकदम दाबायची युक्ती शिकवली होती, आणि तेव्हापासून ते रोज सकाळी येऊन ती दाबत. यादीत आमच्या ब्राउझरचं नाव एकाखाली एक चौदा वेळा आलं होतं.

आनंदराव निकम पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले होते आणि ओतारी सार्वजनिक वाचनालयाचे मानद कार्यवाह होते. मी तिथली ग्रंथपाल. ग्रंथपाल, लिपिक, संगणकावर बसणारी, सगळी मीच. नोकरीला दहा महिने झाले होते.

"सकाळी अपडेट झालं साहेब," मी म्हणाले. "संगणक लावल्या लावल्या विचारलं त्यानं, नवीन आवृत्ती बसवू का म्हणून. मी हो म्हटलं."

"कुणाला विचारून?"

मी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला.

"म्हणजे दार तू उघडलंस," साहेब खुर्चीत बसत म्हणाले, "आणि एकाच्या नावावर तेरा जण आत शिरले. आता सगळं बंद करायचं. संगणक जप्त."

"बंद नका करू साहेब! अहवाल भरतेय मी त्यात."

त्या दिवशी तीस जून होता. वाचनालयाचा वार्षिक अहवाल ऑनलाइन भरायची शेवटची तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. अकरा भाग होते. सगळे भरून शेवटचं बटण दाबेपर्यंत काहीही जपून ठेवलं जात नव्हतं. मी आठव्या भागात होते. आदल्या वर्षी हाच अहवाल शेवटच्या दिवशी संगणक बंद पडून गेला होता, आणि आमचं वाचनालय 'अ' वर्गातून 'ब' वर्गात उतरलं होतं. आणखी एक वर्ष तसं झालं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

साहेबांनी क्षणभर विचार केला. "ठीक. जप्ती नंतर. आधी पंचनामा."

वाचनालयात त्या वेळी दोनच माणसं होती. संस्कृतचे निवृत्त शिक्षक टोणपे गुरुजी, जे रोज साडेदहाला येऊन चारही वर्तमानपत्रं क्रमानं वाचत. आणि झाडलोट करणाऱ्या हिरामावशी. दोघांनाही पंच नेमलं गेलं. गुरुजींचं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं कामही त्यांच्याकडेच आलं.

"लिहा," साहेब म्हणाले. "समक्ष पाहणी केली असता, संगणकात एकाच नावाचे चौदा इसम मिळून आले."

गुरुजींनी पेन थांबवलं. "इसम म्हणता येणार नाही."

"का?"

"मयूरी म्हणते, याला प्रोसेस म्हणतात. ती प्रोसेस. स्त्रीलिंगी. इसम पुल्लिंगी."

"गुरुजी, पस्तीस वर्षं पंचनामे केलेत मी."

"माझी अडतीस वर्षं व्याकरणात गेली."

यावर दहा मिनिटं गेली. माझं लक्ष घड्याळाकडे. शेवटी 'इसम' ठेवायचं आणि कंसात 'स्त्री अथवा पुरुष, निश्चित नाही' असं लिहायचं ठरलं. मग साहेब एकेकाचं वर्णन सांगू लागले. नावापुढे किती मेमरी व्यापली त्याचा आकडा होता, त्याला ते वजन म्हणत. "इसम क्रमांक एक, वजन सर्वांत जास्त, म्होरक्या असावा. इसम क्रमांक दोन, मध्यम. इसम क्रमांक तीन, किरकोळ बांधा..." आठव्यापर्यंत आल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. तेरा होते.

"एक फरार!" साहेब ओरडले.

मी सांगायला गेले की हे आकडे वरखाली होतच असतात, तेवढ्यात यादी हलली आणि पंधरा झाले.

"फरार इसम साथीदारासह परत आला," साहेबांनी सांगितलं आणि गुरुजींनी ते लिहिलं.

हिरामावशी दारातून डोकावल्या. "चौदा माणसं आलीत म्हणं. चहा किती टाकू?"

"पंधरा झाली आता," गुरुजी म्हणाले.

दीड वाजून गेला. साहेब खुर्ची सोडेनात आणि माझा आठवा भाग मागे तसाच अर्धा उघडा. वर्णनं संपली की सगळ्यांना एकदम बंद करायचा त्यांचा बेत पक्का होता. मी कितीही सांगितलं तरी त्यांचा एकच प्रश्न, "तुला हे कुणी शिकवलं?" मला खरंच कुणी शिकवलं नव्हतं. एकाचे चौदा का झाले ते मलाही माहीत नव्हतं. गावात ते नक्की सांगू शकेल असा एकच माणूस होता.

"गुजरकाकांना बोलावू का?" मी विचारलं.

साहेबांची काठी टेबलावर आडवी पडली. गुरुजींनी वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरलं.

श्रीनिवास गुजर माझ्या आधी त्या खुर्चीत एकोणीस वर्षं होते. वाचनालयात संगणक त्यांनीच आणला आणि स्वतःच शिकले. गेल्या वर्षीचा अहवाल गेला तो त्यांच्या हातून. साहेबांनी चौकशी केली, 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला, आणि महिन्याभरात काकांना जावं लागलं. आता एसटी स्टँडसमोर त्यांचं झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. मी दहा महिन्यांत त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते समोरून दिसले की मी रस्ता ओलांडायचे.

"बोलव," साहेब शेवटी म्हणाले. "तज्ज्ञ साक्षीदार म्हणून. बाकी काही नाही."

मी जवळजवळ पळतच गेले. काका कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या दारात मी पाय ठेवणार नाही," ते म्हणाले. गिऱ्हाईक गेल्यावर मशीन बंद केलं. मग विचारलं, "कुठल्या भागात आहेस?"

"आठव्या."

"नववा वाईट आहे. गेल्या पाच वर्षांचे आकडे मागतो." त्यांनी शटर अर्धं ओढलं. "चल. पण आत येणार नाही मी."

आणि ते खरोखरच आले नाहीत. वाचनालयाच्या पायरीवर, उंबऱ्याच्या बरोबर बाहेर उभे राहिले. तिथून संगणक पंधरा फुटांवर. साहेब आत पाठ करून बसलेले.

"गुरुजी, साक्षीदाराला विचारा, हे चौदा कोण आहेत," साहेब म्हणाले.

"त्यांना सांगा," पायरीवरून आवाज आला, "की ऐकू येतंय मला."

"साक्षीदाराला सांगा, उत्तर द्या."

गुरुजींनी एकदा आत, एकदा बाहेर बघितलं आणि पेन उचललं.

"त्यांना सांगा, पूर्वी हा ब्राउझर म्हणजे एकच गडी होता," काका म्हणाले. "दहा पानं उघडली तरी सगळी कामं त्या एकट्याच्याच अंगावर. एका पानाशी अडला की सगळंच अडायचं. तो पडला की दहाही पानं पडायची. नव्या आवृत्तीत प्रत्येक पानाला वेगळा गडी दिलाय. एक वरून लक्ष ठेवणारा, एक पडद्यावर चित्र काढणारा, बाकीचे किरकोळ मदतीला. म्हणून चौदा. चोर कुणी नाही त्यात."

"विचारा, नाव एकच का?"

"एकाच घरचे आहेत म्हणून!"

"वेगळे करून फायदा काय?"

"एक पडला तर तो एकटाच पडतो. बाकीचे उभे राहतात. शिवाय एका पानाला दुसऱ्या पानाच्या खिशात हात घालता येत नाही."

साहेब पहिल्यांदाच थोडे वळले. हे त्यांना समजलं होतं. "म्हणजे सगळे आरोपी एका कोठडीत घालायचे नाहीत."

"तसंच," काका म्हणाले. मग आठवून, "त्यांना सांगा, तसंच."

"पण जागा जास्त लागणार."

"लागतेच. मेमरी जास्त खातात ते. वेगळं ठेवायचं म्हटलं की जागा लागते."

"पुरावा?"

काकांनी पायरीवरूनच पडद्याकडे बोट केलं. "एक मारून बघा म्हणावं."

मी माउस माझ्याकडे ओढला. "काका, अहवालाचा गडी कुठला ते कळत नाही. सगळ्यांची नावं एकच!"

"त्या यादीतून नाही मारायचं. ब्राउझरची स्वतःची वेगळी यादी असते. आधी ब्राउझर पुढं घे. शिफ्ट धर आणि एस्केप दाब. तिथं कुठला गडी कुठल्या पानाचा ते लिहिलेलं असतं."

मी दाबलं. खरंच छोटी यादी उघडली. वार्षिक अहवाल, त्याच्यापुढे आकडा. हवामान, त्याच्यापुढे आकडा. आणि खाली तिसरं पान. गुरुजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "जंगी कुस्त्यांचं मैदान, अंतिम लढत, संपूर्ण."

साहेबांनी टेबलावरची काठी उचलली.

"कुस्ती कोण बघतं इथं?" गुरुजींनी विचारलं.

"तो तपासाचा भाग आहे," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मी मागं मासिकं मोजत असताना त्यांनी ती लावली होती. हे रोजचंच होतं. "तोच मारू. मयूरी, दाखव कुठं दाबायचं."

मी दाखवलं. साहेबांनी काठी खाली ठेवली, दोन्ही हातांनी माउस धरला आणि बटण दाबलं. कुस्तीचं पान पांढरं झालं, त्यावर एक रडका चेहरा आला. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा शेजारी अहवाल जसाच्या तसा होता. आठवा भाग, मासिकांचे आकडे, सगळं जागेवर.

"लिहा," साहेब हळूच म्हणाले, "एक इसम मयत. बाकीचे सुखरूप."

मला वाटलं, संपलं. मी खुर्ची ओढायला गेले. पण साहेब उठेनात. त्या रडक्या चेहऱ्याकडे ते बघत बसले होते. मग उठले, दाराशी गेले आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभे राहिले. आता दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

"गुजर. गेल्या वर्षी हे किती होते?"

मध्ये गुरुजींना घालायचं काकांच्या ध्यानातच आलं नाही. "एक."

"एकच?"

"एकच. सगळी पानं त्याच्या एकट्याच्या अंगावर."

"म्हणजे गेल्या वर्षी कुस्ती अडकली असती..."

"तर अहवाल गेला असता."

"तुम्ही चहाला गेला होतात."

"पावणेचारला. सव्वाचारला आलो, तेव्हा पडदा काळा होता."

साहेबांनी मान हलवली. तपासात एखादा धागा हाती लागला की हलवत असतील तशी. ते परत आले आणि गुरुजींना म्हणाले, "नवीन कागद घ्या. आरोपीचं नाव, आनंदराव गणपतराव निकम. वय सहासष्ट. धंदा, निवृत्त."

"फौजदार, काय करताय?" गुरुजी म्हणाले.

"जबाब घेतोय." ते ताठ उभे राहिले आणि स्वतःलाच दरडावलं, "गेल्या तीस जूनला, दुपारी पावणेचार ते सव्वाचार, तुम्ही संगणकावर बसला होतात काय?" मग खांदे पाडून, वेगळ्याच आवाजात, "रोजच बसतो. त्या दिवशी बसलो की नाही, आठवत नाही." पुन्हा ताठ. "आरोपी टाळाटाळ करतो असं लिहा."

गुरुजींनी लिहिलं.

"कुस्ती लावली होती काय?"

"आठवत नाही. खरंच आठवत नाही गुरुजी. संगणक बंद पडला की मी तो सोडून उठतो. माझ्यामुळे पडला असेल असं कधी मनातच आलं नाही."

हे शेवटचं त्यांनी कुठल्याच आवाजात सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. हिरामावशी चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

साहेबांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. "आरोपीला आठवत नाही, साक्षीदार कुणी नाही. लिहा गुरुजी. पुराव्याअभावी..."

काका पायरीवरून उतरायला वळले.

"साहेब, मी होते," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. काका थांबले.

"कुठं होतीस?"

"इथंच. खिडकीजवळच्या टेबलावर. तेव्हा मी वाचक होते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला यायची. मधलं दार उघडं होतं."

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी तिसरा कागद घेतला.

"नाव?" साहेबांनी विचारलं. दहा महिने रोज हाक मारत होते, तरी विचारलं.

"मयूरी विलास शेडगे."

"काय पाहिलं?"

"तुम्ही कुस्ती लावली होती. लाल लांगवाल्यानं दुसऱ्याला उचललं आणि चित्र तिथंच अडकलं. तो तसाच हवेत. तुम्ही बटणं दाबली. मग डब्याला दोन थापट्या मारल्या, आणि मग भिंतीतलं बटण बंद केलं. खुर्ची आत सारली आणि पेपर वाचायला गेलात. नंतर काका आले. त्यांनी परत लावला. आणि डोकं धरून बसले."

"सही कर," साहेब म्हणाले.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि तो सोडला नाही, बोटं वरच ठेवली. "पोरी, तुला कळतंय ना? गुजर निर्दोष असेल तर तू ज्या जागेवर आहेस ती रिकामीच झाली नव्हती."

कळत होतं. तीन वर्षं परीक्षा देऊन घरी बसले होते मी. जागा रिकामी झाली तेव्हा अर्ज केला, आणि मुलाखतीत साहेब समितीला म्हणाले होते, मुलगी शांत आहे. त्या एका गुणावर माझी निवड झाली होती.

मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

तोपर्यंत तीन पन्नास झाले होते. मी संगणकाशी बसून आठवा भाग पुरा केला, पण नववा उघडला आणि अडले. पाच वर्षांचे आकडे, वर्षवार, प्रकारवार. कुठल्या रजिस्टरात काय आहे ते सुचेना. मागं चपला काढल्याचा आवाज आला.

"ऊठ," गुजरकाका म्हणाले. "तू रजिस्टर वाच, मी भरतो. निळं नाही, ते देणगीचं. तपकिरी घे."

नववा, दहावा, अकरावा. साहेब दारात पहारा द्यायला उभे होते. एक वाचक पुस्तक बदलायला आला त्याला त्यांनी परत पाठवलं. चार बेचाळीसला काकांनी शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर 'अहवाल स्वीकारला' आलं. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. साहेब पुढं आले आणि खांद्यावरचा नसलेला बिल्ला सावरावा तसं सदऱ्याला हात लावून परत गेले.

पुढं समितीची बैठक झाली. सात जणांनी पहिला पंचनामा वाचला आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. 'फरार इसम साथीदारासह परत आला' हे अध्यक्षांनी तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे. मग दुसरा कागद वाचला, मग माझा. हसू थांबलं. तरी ते म्हणत होते, जाऊ द्या हो फौजदार, यंत्र आहे, कशानंही बिघडतं. साहेबांनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि गुजरांना परत घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. काकांना परत घ्यायला ऑगस्ट उजाडला. मला अध्यक्षांनी घरी बोलावून, जागा एकच आहे, असं फार हळुवारपणे सांगितलं.

साहेब त्यानंतर साधे सभासद म्हणून येत. गुरुजींच्या समोर बसून पेपर वाचत. तिथल्या संगणकाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. कुस्ती बघायला मात्र माझ्याकडे येत, कारण तोपर्यंत स्टँडसमोरचं दुकान माझं झालं होतं. काकांनी ते बंद करायचं ठरवलं होतं, भाडं वर्षभराचं भरलेलं, मशीन नवं. ते स्वतःच घरी आले विचारायला. आई आत जाऊन रडली. मी हो म्हटलं.

आज त्याला आठ वर्षं झाली. तीन मशीन आहेत, एक मुलगी कामाला आहे.

किल्ली द्यायला काका दुकानात आले त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. त्यांनी काउंटर पुसला, लॅमिनेशनचे कागद कुठं ते सांगितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "गेल्या वर्षी का नाही बोललीस?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं, आणि उत्तरही मी वर्षभर तयार ठेवलं होतं. "मला कुणी विचारलं नाही, काका."

त्यांनी मशीनच्या झाकणावर हात ठेवला.

"यंदाही कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी मशीनच्या मागच्या बाजूला मला बोलावलं, आणि कागद अडकला की कुठलं झाकण आधी उघडायचं ते दोनदा दाखवलं.